चार दिवसांचा अबोला

लग्न होऊन मी बंगलोरला आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी एक अनोळखी बाई माझ्या स्वयंपाकघरात शिरली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. सरळ चुलीपुढं वाकली, भाताच्या तपेल्याखालचं एक जळतं लाकूड ओढून काढलं आणि मोरीत नेऊन विझवलं. चर्र झालं, धूर झाला, मी पळी हातात धरून बघत राहिले. "भाताला तीन लाकडं भरपूर झाली," ती म्हणाली. "चौथं कशाला? छप्पर शेकायला?" मग वळून तिनं मला नीट न्याहाळलं. "सुमन न्हवं तू? बरी हाइस. स्वल्प बारीक हाइस. मी येतो मग." आणि विझलेलं लाकूड चुलीशेजारी वाळत उभं करून ती निघून गेली.

मी पुण्याची. न विचारता घरात शिरणं, माझ्या चुलीला हात लावणं आणि वर बाईमाणसानं 'मी येतो' म्हणणं, या तिन्ही गोष्टी मला एकदम झोंबल्या. संध्याकाळी हे घरी आल्याबरोबर मी विचारलं, "ही कोण आगाऊ बाई?" हे हसायला लागले. "तुंगक्का. एकच लाकूड काढलं ना? म्हणजे तू पसंत पडलीस. समोरच्या काकूंच्या चुलीतून तिनं पहिल्या दिवशी दोन काढली होती."

बळेपेटेतलं आमचं वठार म्हणजे एक दरवाजा, मधे फरसबंद अंगण, अंगणात नळ आणि दोन्ही अंगांना खोल्यांची रांग. राहणारी बहुतेक घरं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपूर्वी फौजांबरोबर इकडं आलेली आणि इथलीच झालेली. मराठी घरापुरती, उंबऱ्याबाहेर कन्नड. घरातल्या मराठीतही कन्नड इतकं मुरलेलं, की सुरुवातीला माझ्या कानांना ती मराठी वाटायचीच नाही. जळाऊ लाकडाला 'सौदे', थोड्याला 'स्वल्प', बरं म्हणायला 'सरी'. आणि बायका सर्रास 'मी येतो, मी करतो' म्हणायच्या. मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करत बसायचे. पुढं माझीच वाक्यं बिघडली आणि माहेरी गेले की आई कपाळाला हात लावायची.

तुंगक्का सगळ्यात शेवटच्या दोन खोल्यांत राहायची. उंच, काटक, कोरं कपाळ, चुलीत फुंकून फुंकून अर्धवट जळालेल्या भुवया. हातात बहुतेक वेळा फुंकणी असायचीच, आणि बोलताना ती फुंकणी समोरच्याच्या छातीवर रोखायची तिला सवय होती. तिच्या घरात ती खानावळ चालवायची. सरकारी कचेऱ्यांतले पाचसहा बिऱ्हाड नसलेले कारकून सकाळ-संध्याकाळ तिच्याकडं जेवायचे. 'आमची पोरं' म्हणायची ती त्यांना. त्यातल्या नाडगिरांना तर टक्कल पडलेलं होतं.

नवरा गेल्यावर ती काही काळ यशवंतपूरला दिराकडं राहिली होती. ते तिनंच मला एकदा शेंगा सोलताना सांगितलं. दिराचं मोठं कुटुंब, दिवसभर स्वयंपाक तिच्याकडं. कोणी वाईट वागवलं नाही म्हणे. "पण भाजीत मीठ किती घालायचं, ते बी जाऊबाई सांगणार. मी चाळीस वर्षांची बाई, मला मिठाचं विचारायला लागतंय." एका सकाळी तिनं आपली फुंकणी उचलली, दिराच्या पाया पडली आणि बळेपेटेत या दोन खोल्या घेतल्या. दीर अधूनमधून यायचा आणि 'आता पुरे झालं, चल घरी' म्हणायचा. ती त्याला चांगलं जेवायला घालून परत पाठवायची. "मी परत त्याच्या चुलीपुढं बसणार न्हाई," एवढं मात्र ती आम्हाला प्रत्येक वेळी निक्षून सांगायची. खानावळ चालली तरच तिचं ते म्हणणं टिकणार, हे वठारात सगळ्यांना कळत होतं.

आणि खानावळ चालायची ती लाकडावर. वठाराच्या कोपऱ्यावर रुद्रप्पाची वखार होती. यशवंतपूरला वॅगननं लाकूड यायचं, तिथून बैलगाडीनं वखारीत. पुढं मोठा तराजू आणि भिंतीवर एक काळा फळा. फळ्यावर खडूनं मणाचा भाव. बाकी रुद्रप्पा बोलायला फारसा नव्हताच, सगळं बोलणं तो फळ्यावर सोपवायचा. त्याला आमची मराठी समजायची, पण तो कन्नडातच बोलायचा. अक्का मराठीत बोलायची. दोघांचं भांडण अगदी व्यवस्थित व्हायचं.

त्या वर्षी आषाढभर पाऊस लागून राहिला होता, आणि श्रावण लागता लागता फळ्यावरचा आकडा एका रात्रीत चढला. नुसता चढला असता तर एक वेळ चाललं असतं. पण रुद्रप्पाचं लाकूड उघड्यावर भिजत पडलेलं. ओल्या लाकडाचं वजन जास्त, जाळ कमी, आणि धूर असा की सकाळी वठारातल्या सगळ्या बायका रडून उठल्यासारख्या दिसायच्या. आम्ही चारपाच जणी अक्काला पुढं घालून वखारीत गेलो.

"पाऊस काय मी पाडतो?" रुद्रप्पा म्हणाला.

"पाऊस देव पाडतोय," अक्का म्हणाली. "पण तराजूत तू घालतोस न्हवं का?"

रुद्रप्पानं वर बघितलंसुद्धा नाही. "बेकाद्रे तगोळ्ळी, बेडवाद्रे बिडि," म्हणाला. हवं तर घ्या, नको तर सोडा.

अक्कानं फुंकणी खांद्यावर टाकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सरी. बिट्वि." सोडलं. आणि ती वळून चालायला लागली. आम्हीही तिच्या मागोमाग निघालो, पण घरी चुलीत घालायला काय आहे याचा विचार करतच.

श्रावणात आमच्याकडं शिळासप्तमी असते. आदल्या दिवशी सगळा स्वयंपाक करून ठेवायचा, चूल सारवून तिला हळदकुंकू वाहायचं आणि सप्तमीला ती पेटवायची नाही. सगळ्यांनी शिळं, थंड खायचं. वर्षभर राबणाऱ्या चुलीला एक दिवस विश्रांती. ती सप्तमी दोन दिवसांवर आली होती. त्या संध्याकाळी अक्कानं अंगणात सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर करून टाकलं, "या वर्षी शिळासप्तमी चार दिवसांची. चूल पेटवायची न्हाई, सौदे घ्यायचं न्हाई. ज्याच्या घरात लाकूड शिल्लक हाय त्यानं बी पेटवायचं न्हाई. आपल्या छपरातनं धूर निघालेला वखारीतनं दिसतोय." फक्त अंगणाच्या मधोमध कोळशाची एक शेगडी राहील, तीही तान्ह्यांच्या दुधाला आणि आजाऱ्यांच्या पेजेला. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

पुरुष मंडळी मागं उभी होती. त्यातून नाडगिरांचा खोल गेलेला आवाज आला, "आणि कॉफी?"

"तुम्ही आजारी हाय काय?"

"कॉफी नाही मिळाली तर होईन."

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही. हे वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारे. घरात आल्यावर म्हणाले, "याला काही अर्थ नाही. मागणी कमी होत नाही यानं, नुसती चार दिवस पुढं जाते." मला ते इतकं पटलं, की मी तशीच उठून अक्काकडं गेले. ती उद्याच्या दशम्यांसाठी दूध बाजूला काढत होती.

"अक्का, लाकूड काही नासत नाही," मी म्हटलं. "पाचव्या दिवशी आपणच त्याच्या दारात रांग लावणार आणि तो तेच ओलं लाकूड त्याच भावानं आपल्या गळ्यात मारणार. त्याचं काय जाणार? जाणार ते तुमचं. चार दिवस थंड जेवण मिळालं तर तुमची पोरं हॉटेलात जातील. एकदा गेलेला माणूस परत येतो का?"

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. मग तिनं दुधाचं भांडं झाकलं. "तू नवऱ्याशी अबोला धरतीस की न्हाई?"

वठारातल्या भिंती पातळ, नाकारून उपयोग नव्हता.

"गेल्या महिन्यात धरलीस. किती दिवस?"

"दोन."

"दोन दिवसांत त्याचं काय गेलं? जेवायला मिळालं, धुतलेले कपडे मिळाले. मग तिसऱ्या दिवशी मोगऱ्याचा गजरा घेऊन कशाला आला?"

"ते वेगळं, अक्का."

"काय वेगळं? जन्माचा अबोला धरला की ते भांडण झालं. रुद्रप्पाशी मला भांडण नको. मला परत त्याच्याचकडं जायचं हाय, दुसरी वखार लांब हाय. म्हणून तर चार दिवस." फुंकणी माझ्या छातीवर आली. "आणि तू एक काम कर. सप्तमीच्या हळदीकुंकवाला त्याच्या बायकोला बोलाव. मी विधवा, मला कुंकू लावायला चालत न्हाई. तू लाव."

ज्याच्यावर रुसायचं त्याच्याच बायकोला हळदीकुंकवाला बोलवायचं! मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण गेले. रुद्रप्पाची बायको गौरम्मा वखारीमागच्या घरात राहायची. मी दारात उभी राहिले तेव्हा ती चुलीशी झगडत होती आणि घर धुरानं इतकं कोंदलेलं की आधी तिचा खोकला ऐकू आला, मग ती दिसली. माझं कन्नड तेव्हा फार तर बाजार करण्यापुरतं. पण हळदकुंकू हा शब्द तिला पुरला. तिनं डोळे पुसत मान डोलावली.

पहिला दिवस सणाचाच होता. दशम्या, दही, केळी, कैरीचं लोणचं. गौरम्मा आली, मी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. अक्कानं तिला जवळ बसवून चार दिवसांचा सगळा बेत सांगितला, काही लपवलं नाही. गौरम्मानं सगळं ऐकून घेतलं, ओटी सावरली आणि गेली. मी ह्यांना म्हटलं, "झालं, आता संध्याकाळपर्यंत रुद्रप्पाला सगळं कळेल." हे म्हणाले, "त्याला धूर नाही हे दिसतंच की."

दुसऱ्या दिवशी गंमत ओसरली. श्रावणातल्या बंगलोरात थंड पाण्यानं आंघोळ म्हणजे काय, ते ज्यानं केली त्यालाच माहीत. सकाळी नळाखालून पुरुषांचे असे आवाज येत होते की रस्त्यावरची माणसं दरवाजातून डोकावून जात. जेवायला चिंचगुळात कालवलेले पोहे आणि भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोशिंबीर. अक्कानं ती इतकी सुरेख केली होती की मी दोनदा मागून घेतली. पण सकाळची कॉफी नाही म्हणून वठारातला एकूणएक पुरुष कावलेला. आमचे हे ऑफिसात लवकर जायचं म्हणून अंधारात बाहेर पडले. संध्याकाळी मी त्यांच्या जवळ गेले तर सदऱ्याला कॉफीचा घमघमाट. हॉटेलातली कॉफी हॉटेलवाल्याच्या लाकडावर झाली होती, तेव्हा नियम मोडला असंही म्हणता येईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाडगिरांनी अक्काला सांगितलं, की आपण दोन दिवस हॉटेलात जेवतोय आणि आता महिन्याचं तिथंच ठरवलं. बरोबर आणखी एकाला घेऊन गेले. बाकीची पोरं खाली बघून पोहे खात होती. त्याच दुपारी यशवंतपूरहून दीर आला. त्याला कुठून कळलं कोण जाणे. थंड चुलीकडं बघून म्हणाला, "हे काय पोरखेळ मांडलायस वहिनी? चल. आवर आता." अक्कानं त्याला दहीपोहे वाढले. तो गेल्यावर मी तिच्याकडं गेले, तर ती सारवलेल्या चुलीसमोर पाय पोटाशी घेऊन बसली होती. फुंकणी कोपऱ्यात. तिला रिकाम्या हातांनी बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

"अजून दोघं गेले की झालं," ती म्हणाली. "मग मी यशवंतपुरात. मिठाचं विचारत."

मला रडू आलं. लाकडं ओढून काढणाऱ्या या बाईचा मला राग यायचा, तो केव्हा गेला ते माझं मलाच कळलं नव्हतं. "अक्का, आज संध्याकाळी पेटवू या चूल," मी म्हटलं. "मी लाकूड आणते. कोणी काही म्हणणार नाही."

तिनं मान हलवली. "चार म्हणून सांगितलं हाय. तीन दिवसांत पेटवली तर तो पुढच्या वेळी मोजणारच न्हाई मला."

संध्याकाळी आम्ही बायका अंगणात पंगतीला बसलो होतो. पाऊस थांबला होता. एवढ्यात दरवाजातून गौरम्मा आत आली. हातात रिकामी थाळी. सरळ येऊन माझ्या शेजारी बसली आणि थाळी पुढं ठेवली. आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. तेव्हा तिनं सांगितलं, की तीन दिवस तिनंही चूल पेटवलेली नाही. तुम्ही कुंकू लावून सांगितलंत, म्हणून मीही धरलं. वखारीत डोंगराएवढं लाकूड, आणि रुद्रप्पाला तीन दिवस घरात पोहे आणि ताक! त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, व्रत आहे. आज त्याला संशय आला आणि तो चिडला, म्हणून ती थाळी घेऊन निघून आली.

रुद्रप्पा मागोमाग आलाच. दरवाजाशी थांबला, आत येईना. "घरी चल," म्हणाला.

गौरम्मा बसल्या जागेवरून बोलली. सावकाश बोलली, म्हणून मलाही कळलं. "तुमच्या वखारीत जे खपत नाही ते माझ्या चुलीत येतं. ओलं, बुरसलेलं. दहा वर्षं मी धूर गिळतेय. तीन दिवस डोळ्यांना बरं वाटतंय. उद्या एक दिवस राहिलाय."

रुद्रप्पाच्या तोंडावरून कळत होतं, की आमच्या बोलण्यानं त्याच्यावर काही ओरखडा उठला नव्हता, पण हे त्याला नवीन होतं. अक्का उठली. तिनं एक पत्रावळ मांडली, पोहे वाढले. "रुद्रप्पा, आधी बस. खा. मग बोल."

तो बसला. पोहे समोर दिसताच त्याचा चेहरा असा झाला, की मला हसू दाबावं लागलं. चार घास खाऊन तो म्हणाला, "अक्का, वॅगनचं भाडं वाढलं, गाडीवाल्यानं वाढवलं. मी काय करू?"

"हे तू आम्हाला कधी सांगितलास?"

"फळ्यावर लिहिलं की."

"फळ्यावर आकडा लिहिलास. आकड्याशी मी काय बोलू? माझ्या दारात येऊन सांगायचं. मी रडलो असतो, भांडलो असतो, आणि मग घेतलं असतं. तुला बी संसार हाय, ते मला कळत न्हाई काय?"

रुद्रप्पानं उरलेले पोहे पत्रावळीच्या कडेला सारले. मग म्हणाला, की वाढवलेल्यातलं अर्धं कमी करतो, सगळं जमणार नाही. लाकडावर पत्रे घालतो. आणि पुढच्या वेळी खडू उचलण्याआधी सांगायला येतो. "आता उद्या सकाळी चुली पेटवा," तो घाईघाईनं म्हणाला.

"परवा," अक्का म्हणाली. "चार म्हणजे चार."

"अक्का, उद्या पण पोहे?" त्या बिचाऱ्याचा आवाज नाडगिरांसारखा झाला. गौरम्मा तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि मग सगळं अंगणच हसलं.

असल्या चार दिवसांच्या बहिष्कारानं काही फरक पडतो का, असं मला आज कोणी विचारलं तर मी चटकन हो म्हणणार नाही. नाडगीर परत आले नाहीत. पुढं कधी रस्त्यात भेटले की अक्का त्यांना मनापासून विचारायची, "कॉफी बरी मिळतीय न्हवं?" त्यांच्या जागी गौरम्मानं कचेरीत नोकरीला लागलेला आपला भाचा खानावळीत धाडला. त्याच्याबरोबर त्याचा एक मित्र आला. कोरडं लाकूड कमी लागायचं, त्यानंही अक्काला हात दिला. पण भाव? तो पुढच्या उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, परत चढलाच.

चढायच्या आदल्या दिवशी रुद्रप्पा वठारात आला. दरवाजाशी न थांबता अंगणात आला, अक्काच्या पायरीवर बसला, भाव का वाढवावा लागतोय ते त्यानं सांगितलं. अक्कानं त्याला भरपूर ऐकवलं. तो थोडा खाली आला, ती थोडी वर गेली. तो गेल्यावर मी तिथंच उभी होते. माझं पुणेरी डोकं गप्प बसतंय थोडंच? "बघा अक्का, मी म्हटलं नव्हतं? वाढलाच ना शेवटी? काय उपयोग झाला त्या चार दिवसांचा?"

"तो सांगायला आला की न्हाई?" ती म्हणाली.

"आला. पण वाढवलाच ना?"

"अगं, महागाई काय माझ्या फुंकणीनं विझणार हाय? सगळंच वाढतंय, सौदे बी वाढणार. पण आधी तो नुसता फळ्यावर लिहायचा. आता त्याला माझ्या तोंडाकडं बघून सांगायला लागतंय. तोंडाकडं बघून माणूस स्वल्प कमीच मागतो." आणि उठून माझ्या घरात गेली, माझ्या चुलीतलं एक लाकूड ओढून काढून आली.

त्यानंतर वर्षानुवर्षं हे असंच चाललं. रुद्रप्पा यायचा, पायरीवर बसायचा, अक्का चिडायची, कॉफी व्हायची. कधी तो वाढवायला म्हणून यायचा आणि तिचं ऐकून न वाढवताच परत जायचा. वखारीवर पत्रे राहिले. गौरम्माचा खोकला गेला. राजाजीनगराकडं नवी घरं झाली, वठारातली काही बिऱ्हाडं तिकडं गेली, पण खानावळ चालू राहिली. मी रॉकेलचा स्टोव्ह घेतला तेव्हा अक्का त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "केवढा आवाज करतंय गं. ह्याच्यातनं काय ओढून काढायचं?" त्याच्यात तिला काहीच करता येत नव्हतं, म्हणून स्टोव्हवर तिचा कायम राग. भात मात्र मी चुलीवरच करत राहिले. तिच्यासाठीच म्हणा ना.

अक्का गेली ती एका पावसाळ्यात, थोड्याशा तापानं. शेवटच्या आठवड्यापर्यंत पोरांना जेवायला घालत होती. यशवंतपूरहून दीर आला, तोही म्हातारा झालेला. तिच्या चुलीसमोर बसून रडला. "एवढं बोलावलं, आली नाही," असं परत परत म्हणत होता. मला मात्र त्या दुःखातही बरं वाटलं. शेवटपर्यंत तिनं भाजीत मीठ आपल्या हातानं घातलं होतं. तिची फुंकणी मी मागून घेतली. तिची मला अजून फार आठवण येते, आणि ती नेमकी स्वयंपाक करतानाच येते.

तिच्या मागं काही महिन्यांनी, एका सकाळी रुद्रप्पा अंगणात आला. सवयीनं अक्काच्या पायरीकडं गेला. हाक मारायला तोंड उघडलं आणि दाराला कुलूप बघून तसाच थांबला. मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता हा जाईल आणि फळ्यावर लिहून मोकळा होईल. आता त्याला अडवणार कोण होतं? पण तो गेला नाही. अंगणाच्या मधोमध आला आणि कोणाकडंच न बघता म्हणाला, "यारिगे हेळलि?" कोणाला सांगू?

मी ओले हात पदराला पुसत बाहेर आले. "मला सांगा, रुद्रप्पा. पण आधी बसा."

तो माझ्या पायरीवर बसला. त्यानं सांगितलं, मी ऐकून घेतलं. मग माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात आणि आमच्या वठारातल्या मराठीत मी त्याच्याशी भांडले. अक्काइतकं मला जमलं नाही, पण तो थोडा खाली आला.

"सरी," मी शेवटी म्हटलं. "पण पत्रे गंजलेत, तेवढे बदला. ओलं लाकूड घातलंत तर आमचा परत अबोला."

रुद्रप्पानं माझ्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि तो हसतही होता.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"चार," मी म्हटलं.